तिचे दुखणे तिला रेखाटू द्या

ऐरोलीच्या एका ताईंचे पत्र आले आहे. दहावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचे हातपाय आठ महिन्यांपासून दुखत आहेत. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले असून डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवली आहे. आईने पाठीवरून हात फिरवला तरी ती अंग चोरते. तिला नौपाड्यातील चित्रकला व मातीकामाच्या वर्गाला जायचे आहे, पण वडिलांच्या मते दहावीच्या वर्षात हे नसते उद्योग आहेत. ‘तिला खरेच एवढे दुखत असेल का, आणि चित्रे काढून काय होणार?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

हो, तिला खरेच दुखते आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेत, तपासणीत इजा सापडत नसतानाही, मज्जासंस्था इतकी हळवी होऊन बसू शकते की एरवी सुखावणारा स्पर्शही बोचू लागतो. त्यामुळे तिने अंग चोरले म्हणून मनाला लावून घेऊ नका. हात लावण्याआधी तिला विचारत जा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल जे सांगतो त्याचा मान राखावा, असे नमूद केले आहे. हे तिच्या वडिलांनाही जरूर सांगा.

चित्रांनी दुखणे बरे होईल, असे मी म्हणणार नाही. पण दिवसातून दहादा ‘आता कसे वाटते?’ या प्रश्नाला उत्तर देऊन थकलेल्या मुलीला कागद फार मोठा आधार देतो. वारली चित्रांत असते तशी दोन त्रिकोण जोडलेली मानवाकृती दुखऱ्या बोटांनाही जमते. ठणका कुठे, आग कुठे, मुंग्या कुठे, हे तिने स्वतः निवडलेल्या रंगांनी त्यात भरावे आणि ते कागद फिजिओथेरपिस्टना दाखवावेत. मात्र आठवड्यातून एकदोनदाच, कारण रोज दुखणेच रंगवत बसले तर लक्ष त्यावरच खिळते. इतर दिवशी तिला आवडेल ते काढू द्या.

स्पर्शाचे काम अधिक नाजूक आहे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये असे मांडले, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवू शकतात. गुडघा आपटल्यावर आपण तो चोळतो, ते याचमुळे. हळव्या झालेल्या शरीराला मात्र स्पर्शाची सवय पुन्हा पायरीपायरीने लावावी लागते. शिंप्याकडच्या चिंध्यांतून तिच्यासाठी एक बटवा तयार करा: मलमल, जुन्या सुती साडीचा तुकडा, मखमल, टर्किश टॉवेल आणि सगळ्यात शेवटी गोणपाट. तुकड्यांचा क्रम तिने लावावा, आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, न दुखणाऱ्या भागापासून सुरुवात करून, तिने स्वतःच्याच हाताने तो तुकडा मिनिटभर सावकाश फिरवावा. सोसवेनासे झाले की थांबावे, आणि ‘अजून थोडे कर’ असे कोणीही म्हणू नये, तुम्हीसुद्धा. शाडूच्या मातीचेही तसेच आहे. थंड माती सोसत नसेल तर ती कोमट पाण्यात भिजवावी.

नौपाड्याच्या वर्गाला मी नाही म्हणत नाही. ठाणे लोकलच्या संध्याकाळच्या गर्दीतले धक्के तिला झेपणार नाहीत, म्हणून शनिवार-रविवारची दुपारची वेळ मिळते का ते पाहा आणि पाठ टेकायला खुर्ची, मध्ये उठायची मुभा, हे शिक्षकांशी आधीच बोलून घ्या. अभ्यासाचा वेळ बुडेल या काळजीवर एवढेच सांगते, की दुखण्याने आधीच शाळा आणि मैत्रिणी दुरावलेल्या मुलीला घराबाहेरची ही एक जागा हवीच आहे.

या सगळ्यात फिजिओथेरपी आणि औषधे थांबवू नका. सांधे सुजले, सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेले राहिले, वारंवार ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबून न राहता लहान मुलांच्या संधिवाततज्ज्ञांना लगेच दाखवा.