मॅक की विंडोज? आधी फाइलचा प्रवास पाहावा

ग्राफिक डिझाइनच्या कामासाठी संगणक कसा निवडावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात उत्तरासाठी घेतली आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेकांच्या मनात असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी उपयोजित कलेचे शिक्षण नुकतेच पूर्ण केले आहे. संस्थेत आम्ही मॅकवर शिकलो. माझ्याकडे मात्र एक जुना विंडोज लॅपटॉप आहे. आता पुस्तकांची मुखपृष्ठे, वेष्टनांवरची लेबले आणि थोडीफार समाजमाध्यमांची कामे स्वतंत्रपणे घ्यायची आहेत. मॅकशिवाय खरे डिझाइन होत नाही, असे आमचे शिक्षक सांगत. ज्या छापखान्यात माझी बहुतेक कामे जातील तेथे विंडोज आणि कोरलड्रॉ हे चित्रे व मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर आहे. पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. मी काय घ्यावे?

उत्तर : आपल्या शिक्षकांचे मत ज्या काळात घडले असेल, त्या काळात ते अगदी खरे होते. १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, पुढच्याच वर्षी पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेवर चालणारा लेझररायटर प्रिंटर आणि पानांची मांडणी करणारे पेजमेकर आले, आणि एका टेबलावर बसून छपाईयोग्य पान तयार करणे शक्य झाले. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि फोटोशॉप १९९० मध्ये निघाले, तेव्हा दोन्ही फक्त मॅकवरच चालत. विंडोजच्या बाजूला १९८९ मध्ये कोरलड्रॉ आले आणि अनेक छापखान्यांत त्याने जे बस्तान बसवले, ते आजही हललेले नाही.

आता परिस्थिती बदलली आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि अ‍ॅफिनिटी ही सॉफ्टवेअर दोन्हीकडे मिळतात, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०१९ पासून कोरलड्रॉही मॅकसाठी पुन्हा मिळू लागले आहे. त्यामुळे ‘कोणता संगणक चांगला’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर उरलेले नाही. त्याऐवजी आपण स्वतःला असे विचारावे, की मजकूर आणि चित्रे माझ्याकडे कोणाकडून व कोणत्या स्वरूपात येणार, मी फाइल कोणाच्या हाती देणार, आणि छपाईच्या आदल्या रात्री एखादा दूरध्वनी क्रमांक बदलायचा झाला तर तो कोण, कशात बदलणार? या शेवटच्या प्रश्नाकडे नवे डिझायनर हमखास दुर्लक्ष करतात, आणि पुढे सगळा मनस्ताप तेथूनच सुरू होतो.

म्हणून खरेदीच्या आधी छापखान्यात जाऊन स्पष्ट विचारावे, की पीडीएफ चालेल की सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची मूळ फाइलच लागेल. पीडीएफ चालत असेल तर ती मॅकवर तयार झाली की विंडोजवर, याने छपाईत काडीचाही फरक पडत नाही. सीडीआरच लागत असेल, तर तेथे कोरलड्रॉची कोणती आवृत्ती आहे तेही विचारून घ्यावे, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही; जतन करतानाच जुनी आवृत्ती निवडावी लागते. आपल्या पत्रात जे लिहिले आहे त्यावरून माझा स्पष्ट सल्ला असा, की आपण विंडोजचा टेबलावरचा संगणक घ्यावा आणि वाचलेला पैसा मॉनिटरमध्ये घालावा.

मॉनिटरवर मी इतका भर का देतो, ते माझ्याच एका कामावरून सांगतो. एका मुखपृष्ठासाठी मी रात्रीच्या आकाशाचा गडद निळा रंग निवडला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर तो खोल आणि शांत दिसत होता. छापून आलेला पहिला कागद हातात घेतला तेव्हा ते आकाश चक्क जांभळे होते. दोष छापणाऱ्याचा नव्हता. पडद्यावर प्रकाशातून दिसणारा तो निळा छपाईच्या सीएमवायके (निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी) शाईंत मुळात मावतच नाही. रूपांतर होताना सायन आणि मॅजेंटा जवळजवळ समान प्रमाणात आले, आणि ते दोन एकत्र आले की जांभळेच उमटते. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्के कमी ठेवला की निळा निळाच राहतो, हे मी त्या कागदाकडे पाहत शिकलो. माझा पडदा नीट जुळवलेला असता आणि मी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा पडद्यावरचा नमुना, पाहिले असते, तर तो जांभळा मला घरीच दिसला असता.

या बाबतीत मॅकची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. मॅकबुकचे पडदे कारखान्यातूनच बऱ्यापैकी जुळवून येतात, आणि रंगांचे व्यवस्थापन मॅकची प्रणाली स्वतः सर्वत्र सांभाळते. विंडोजमध्ये ही जबाबदारी मुख्यतः प्रत्येक सॉफ्टवेअरवर असते. फोटोशॉप ती नीट पार पाडते, पण ज्या सॉफ्टवेअरला रंगांचे प्रोफाइल (रंग नेमके कसे दाखवावेत याची नोंद) वाचता येत नाही, त्यात तेच चित्र मोठ्या रंगपट्ट्याच्या मॉनिटरवर भडक दिसते. ग्राहकाने चित्र एका ठिकाणी पाहिलेले असते आणि आपण दुसऱ्या ठिकाणी, मग रंगावरून वाद होतो. स्वस्त विंडोज लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळले, तर तो डिझाइनसाठी घेऊ नये. असा पडदा एसआरजीबी या पडद्यांच्या प्रमाण रंगसंचातील रंगांपैकी सुमारे ६० टक्केच रंग दाखवतो. लाल रंगाची छटा त्यावर ठरवणे म्हणजे अंधारात कापड निवडण्यासारखे आहे.

वेगळा घेतलेला चांगला मॉनिटर मात्र ही दरी भरून काढतो. तो आयपीएस प्रकारचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) असावा, त्याने एसआरजीबी पूर्ण दाखवावा, आणि शक्य असेल तर पडद्याला टेकवून रंग मोजणारे कॅलिब्रेशनचे उपकरण घ्यावे किंवा ओळखीच्या डिझायनरकडून अधूनमधून आणावे. पडद्याचा उजेड १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतका ठेवावा. छपाई काळवंडून आली अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पडदा फार प्रखर ठेवलेला असतो. मॉनिटर दोन संगणक बदलले तरी टिकतो, आणि उद्या आपण मॅक घेतला तरी तो उपयोगी पडेल.

मेमरीचा हिशेब आपण कागदावर करून पाहावा. १८ बाय २४ इंचांचे भित्तिपत्रक ३०० पिक्सेल प्रति इंच या दराने केले तर ५४०० गुणिले ७२०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे एक पूर्ण भरलेला लेअर (चित्राचा थर) सुमारे १५५ मेगाबाइटचा झाला. असे वीस लेअर असले की तीन गिगाबाइट तेथेच संपले, आणि मागे घेण्याच्या पायऱ्यांची नोंद व इतर सॉफ्टवेअर अजून मोजायचीच आहेत. म्हणून १६ गिगाबाइटपेक्षा कमी मेमरी घेऊ नये. ३२ असल्यास उत्तम. येथे दोन्ही यंत्रांतला फरक महत्त्वाचा ठरतो. २०२० मध्ये एम१ चिपपासून सुरू झालेल्या मॅकमध्ये मेमरी चिपच्याच जोडीने बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे जी हवी ती पहिल्याच दिवशी विकत घ्यावी लागते. विंडोजच्या टेबलावरच्या संगणकात आज १६ ठेवून, कामे वाढली की आणखी १६ घालता येते. पैसे एकाच यंत्रापुरते असलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे. विंडोजच्या पातळ लॅपटॉपांतही मेमरी पुष्कळदा पक्की बसवलेली असते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

देवनागरी मजकुराविषयी आपण विचारलेले नाही, तरी मुखपृष्ठे करणार आहात म्हणून सांगतो. युनिकोड फॉन्ट दोन्हीकडे सारखेच चालतात. अडचण येते ती सॉफ्टवेअरच्या मांडणीत. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडलेली नसेल, तर ‘विद्यार्थी’ या शब्दाची पहिली वेलांटी व च्या आधी न येता नंतर येते, द्य फुटून द खाली पाय मोडलेला दिसतो आणि रफार जागेवर बसत नाही. नवीन यंत्र लावल्यावर पहिल्याच दिवशी हा शब्द आणि जोडीला ‘दऱ्या’ टाइप करून पाहावा. मजकुराची भाषा मराठी अशी निवडलेली असावी, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श यांची मराठी वळणे येतात. हिंदी वळणाचा ल मराठी मुखपृष्ठावर पाहिला की मला आजही वाईट वाटते, कारण तो टाळायला एक क्लिक पुरते.

मॅकवरचा आपला सराव वाया जाईल, ही चिंता करू नये. कमांडच्या जागी कंट्रोल दाबण्याची बोटांना आठवड्याभरात सवय होते. अडोबीची वैयक्तिक वर्गणी दोन संगणकांवर वापरता येते आणि त्यातला एक मॅक व दुसरा विंडोज असला तरी चालतो, त्यामुळे पुढे यंत्र बदलले तरी सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या स्टुडिओत दोन मॅक आणि तीन विंडोज संगणक आहेत. एकाने केलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली की अक्षरे बदलतात, काही फाइली उघडतच नाहीत, आणि बाहेरची डिस्क मॅकवर लावली तर तीवर काहीच जतन होत नाही. सगळे संगणक एकाच प्रकारचे करावेत का?

उत्तर : इतका खर्च करण्याची गरज नाही. आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तिन्ही दूर होण्याजोगी आहेत.

डिस्क बहुधा विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. ती मॅकला वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. उलट मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला वाचताही येत नाही. दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅट या दोन्हींना चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करावी. त्याआधी आतल्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय कधीही उपटू नये, कारण अर्धवट राहिलेले लेखन सावरण्याची सोय एक्सफॅटमध्ये नाही.

उघडत नाहीत अशा फाइलींची नावे नीट पाहावीत. मॅकवर झिप केलेले फोल्डर विंडोजवर उघडले की खऱ्या फाइलीच्या जोडीला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी, त्याच नावाची, जेमतेम काही किलोबाइटची एक फाइल दिसते. तिच्यात मॅकची स्वतःची नोंद असते, डिझाइन नसते. पुष्कळ जण नेमकी तीच उघडायला जातात. तसेच प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा उभी रेघ असलेले नाव मॅकवर चालते, पण विंडोज ते नाकारते. ‘अंतिम?’ असे नाव दिलेली फाइल सहकाऱ्यापर्यंत पोहोचत नाही ती यामुळे. नावांत अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच वापरण्याचा नियम भिंतीवर लावावा.

अक्षरे बदलतात, कारण कोणीतरी प्रणालीसोबत आलेला फॉन्ट वापरला आहे. कोहिनूर देवनागरी मॅकसोबत येतो, मंगल आणि निर्मला विंडोजसोबत; समोरच्याकडे तो नसला की सॉफ्टवेअर दुसराच फॉन्ट बसवते आणि ओळी सरकतात. मुक्त परवान्याचे नोटो किंवा मुक्ता यांसारखे फॉन्ट, किंवा पाचही यंत्रांसाठी परवाना घेतलेले फॉन्ट, सर्वत्र एकाच आवृत्तीत बसवावेत. आपल्याकडे जुने टाइप १ फॉन्ट असतील तर ते आता बाजूला काढावेत; अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार थांबवला आहे. छपाईसाठी फाइल देताना अक्षरे कर्व्ह करावीत (म्हणजे त्यांचे आकृत्यांत रूपांतर करावे) किंवा पीडीएफ-एक्स ही छपाईसाठीची पीडीएफ काढावी, पण अक्षरे जिवंत असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. कर्व्ह केलेल्या मजकुरात एक काना सुधारायचा झाला तरी सगळी ओळ नव्याने बसवावी लागते.

प्रश्न : सॉफ्टवेअरची वर्गणी परवडत नाही. लिनक्स आणि मोफत सॉफ्टवेअरवर व्यावसायिक काम होईल का?

उत्तर : पडद्यासाठीचे काम आणि चित्रकाम निश्चित होईल. इंकस्केप आणि क्रिटा ही फार चांगली सॉफ्टवेअर आहेत. छपाईच्या बाबतीत जपून राहावे लागेल, कारण गिंप आणि इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत, काम करतात; सीएमवायके पीडीएफ काढण्यासाठी पान स्क्रायबस या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावे लागते. अडोबी, कोरल आणि अ‍ॅफिनिटी यांची डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाहीत, त्यामुळे ग्राहक मूळ फाइल त्या स्वरूपात मागत असेल तर अडचण होईल. ही चारही मोफत सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात. आधी तेथेच त्यांवर दोन-तीन खरी कामे पूर्ण करून छापून पाहावीत, आणि जमले तर मग लिनक्सकडे वळावे.

प्रश्न : इंटेल चिपचा जुना मॅक कमी किमतीत मिळत आहे. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे. प्रणाली जुनी पडली की डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या तीवर बसणे काही काळाने बंद होते, आणि ग्राहकाकडून आलेली नवी फाइल उघडेनाशी होते. जुनाच मॅक घ्यायचा असेल तर एम१ किंवा त्यानंतरचा, आणि १६ गिगाबाइट मेमरीचा पाहावा. ८ गिगाबाइटचा स्वस्त मिळाला तरी त्याची मेमरी पुढे वाढणार नाही.