राणी होऊ नकोस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. जुन्या काळातल्या माणसाचं सोंग घेऊन उभं राहायच्या दादरच्या मेळाव्याला पहिल्यांदाच जातेयस, ग्रुपमधले सगळे म्हणतायत राणी हो, आणि तुला ते काही पटत नाहीये. मेसेजला मेसेजनंच उत्तर दिलं असतं, पण अंगठ्यानं टाइप करायला लागलो की माझं बोलणं तारेसारखं तुटक होतं. म्हणून हे पत्र.

राणी होऊ नकोस. का ते सांगतो.

पहिल्या मेळाव्यात मी सरदार झालो होतो. तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर होतो, पगार बेताचा, तरी भाड्यानं मखमली अंगरखा, जरीचा शेला, मोत्यांचा तुरा असं सगळं आणलं. आरशात बघितलं तर स्वतःलाच मुजरा करावासा वाटला. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, मला पायापासून तुऱ्यापर्यंत न्याहाळलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "सरदार, घोडी किती बाळगता? त्यांच्या चंदीचा खर्च कुठून निघतो?" मी म्हटलं, "मी शिवकाळातला सरदार आहे." ते म्हणाले, "हो, पण कुठल्या सालचा?" माझ्या कपाळावरून घाम गळायला लागला. थोडा पॉलिएस्टरच्या मखमलीमुळे, बाकीचा उत्तर नव्हतं म्हणून. राज्याभिषेक १६७४ चा, एवढं मला ठाऊक होतं. ते मुंबईतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

त्यानंतर मी सरदारकी सोडली. आता मी १७३९ सालच्या वसईच्या वेढ्यातला बेलदार आहे, हे तू जाणतेसच. चिमाजी अप्पांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडवला आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले, हे सगळे सांगतात. पण बुरूज उडण्याआधी कुणीतरी तटाच्या पायाशी, वरून मारा चालू असताना, दगडमाती उपसत होतं. तो मी. अंगावर बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि हातात पहार. सगळ्याचा मिळून खर्च त्या तुऱ्याच्या भाड्याहून कमी आला. आणि आता कुणी काही विचारलं की मला बोलता येतं, कारण एक साल आणि एक माणूस ठरलेला आहे. तो काय खातो, कुणाला घाबरतो, त्याच्या कनवटीला काय आहे, हे शोधायला तरी कुठून सुरुवात करायची ते कळतं. 'शिवकाळ' किंवा 'पेशवाई' एवढंच धरून बसलीस तर सुरुवातच सापडत नाही.

तुझ्यासाठी माझ्या डोक्यात एक बाई आहे. मागे बोलता बोलता तू म्हणाली होतीस की तुझी पणजी घोडपदेवला खाणावळ चालवायची. मग झालं की! १९२८ सालची गिरणगावातली खाणावळवाली हो.

१९२८ च का, तर त्या साली एप्रिलात गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरात उघडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच धामधुमीत उभी राहिली. संपाची भाषणं तुला कुठेही वाचायला मिळतील. पण तुझ्या बाईकडे दोन वेळ जेवणारे समजा बारा जण आहेत, आणि बाराही जणांचा पगार बंद आहे. वाण्याची उधारी तिच्या नावावर. काही जण गावी निघून गेले, मागची बाकी न देता. उरलेल्यांना ती उपाशी उठवणार आहे का? हिशेब कसा ठेवते, वहीत की भिंतीवर कोळशाच्या रेघांनी? याचं उत्तर तुझं तुलाच ठरवायचंय, पण ठरव. मेळाव्यात लोक नेमकं हेच विचारतात.

कपड्यांचं बघायच्या आधी आणखी एक ठरव. तिचा नवरा आहे, की गेला, की टाकून गेला? खाणावळी चालवणाऱ्या बऱ्याच बायकांवर एकटीनं संसार ओढायची पाळी आलेली असायची. ती विधवा असेल तर कुंकू नाही, काचेच्या बांगड्या नाहीत, आणि तुझ्याशी बोलणाऱ्याचा सूरही बदलेल. नवरा असेल, तर कपाळाला टिकली चिकटवून येऊ नकोस. माझी आजी बोटाच्या टोकानं मेण मऊ करायची, कपाळावर त्याचा गोल ठिपका दाबायची आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायची. चुलीपुढे घामाच्या धारा लागल्या तरी ते कुंकू संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. मेण म्हणजे देवळाबाहेर मिळणारी मेणबत्ती नव्हे, मधमाश्यांचं. माझ्याकडे डबीभर आहे.

शिवलेली नऊवारी आणू नकोस. मागे चेन आणि आत इलॅस्टिक असलेल्या त्या नऊवाऱ्या लग्नात नाचायला ठीक आहेत. तुला सुती लुगडं हवं, धुऊन मऊ पडलेलं, शक्य तर कुणाचं तरी वापरलेलं. नेसायला एकाही पिनेची गरज नाही, गाठ आणि काष्टा पुरतो. आठवडाभर घरात रोज नेसून काम कर, वाक, फरशी पूस. नाहीतर मेळाव्यात दर पाच मिनिटांनी निऱ्या सावरशील आणि बघणाऱ्याला लगेच कळेल की ही बाई आजच लुगड्यात आलीय. चोळी खणाची, पुढे गाठ मारायची.

बहुतेकांचं पितळ उघडं पडतं ते भांड्यांत. स्टेनलेस स्टीलचा एकही चमचा दिसता कामा नये. पितळ चालेल, तांबं चालेल, मातीचं चालेल, जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, एखादं पातेलंही चालेल. पितळेला आतून कल्हई हवी. कल्हईवाले आता कमी झालेत, पण भांडी आळीत चौकशी केलीस तर एखादा सापडतो. जेवायला घाटावरच्याला भाकरी, कोकणातल्याला भात, हे विसरू नकोस. दराचं कुणी विचारलं तर उत्तर आण्यांत दे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासूनचा. "काकू, गावी कशा जाता?" असं विचारलं तर कोकण रेल्वेचं नाव काढू नकोस, ती १९९८ ची. तुझी बाई आगबोटीनं जाते आणि वाटभर ओकते.

चहा मात्र तुला राजरोस पिता येईल, १९२८ च्या गिरणगावात तो चांगलाच रुळला होता. माझ्या बेलदाराला चहा माहीतच नाही, त्यामुळे गेली वीस वर्षं मी स्टॉलच्या पडद्यामागे चोरून पितो. बटाट्याचंही तेच, तुला चालतो, मला नाही. वडापाव दोघांनाही नाही, तो १९६० नंतरचा.

आता मेळाव्याबद्दल. हौसे, नवसे, गवसे सगळे येतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतून आलेल्या फेटेवाल्या मुली असतात, मर्दानी खेळवाले असतात, आणि परदेशातल्या मंडळांचे व्हिडिओ बघून शिकलेलेही असतात. इंग्लंडात १९६८ पासून त्यांच्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया मैदानात उभ्या करणारं एक मोठं मंडळ आहे, त्यांचं बघून आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना नाद लागला. एखादा रोमन शिपाई दिसेल. हसू नकोस. माझा त्याच्याशी वाद एवढाच की शिपाई कशाला, व्यापारी हो. नालासोपाऱ्याचं आणि कल्याणचं नाव ग्रीकमध्ये लिहिलेल्या पहिल्या शतकातल्या प्रवासवर्णनात आहे, रोमन मालाची ये-जा आपल्याच किनाऱ्यावर होती. चिलखत उतरवून दारूचा रांजण घेतलास तर मुंबईत शोभशील, असं मी त्याला दोनदा सांगितलंय. ऐकत नाही. चिलखताचा मोह सुटत नाही कुणाला.

१९४४ च्या इटलीतली मराठा लाइट इन्फंट्री उभी करणारी दोघं भावंडं येतात, त्यांच्याकडे नक्की जा. त्याच वर्षी जुलैमध्ये यशवंत घाडगे तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही भावंडं लोकरीच्या गणवेशात दिवसभर दादरच्या दमटपणात उभी राहतात, पण छातीवर एकही पदक लावत नाहीत. विचारलं तर म्हणतात, आम्ही कमावलं नाही. मला ते फार आवडतं. आणि आजच्या सैन्याचा गणवेश घालून कुणी खरा जवान म्हणून मिरवत असेल, तर त्याच्यापासून लांब राहा. तो कायद्यानं गुन्हा आहे.

हत्यारांचंही सांगून ठेवतो, कारण तुझ्या ग्रुपमधली मुलं तलवार घेऊन लोकलनं यायचं म्हणतायत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्यात येतात, आणि मुंबईत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेण्यावर पोलिसांचे मनाई हुकूम वरचेवर निघतात. लाकडी किंवा बोथट प्रतिकृती आणा, कापडात नीट गुंडाळा, आयोजकांचं पत्र जवळ ठेवा आणि आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दुसऱ्याच्या हत्याराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. लावलाच तर पातं कापडानं धर, बोटांच्या घामानं मुंबईच्या हवेत दोन दिवसांत गंज चढतो.

कुणाचं काही चुकलेलं दिसलं तर चारचौघांत बोलू नकोस. नंतर बाजूला घेऊन सांग. मला पॉलिएस्टरच्या मखमलीत बघणारे बरेच जण होते, पण नीट प्रश्न एकट्या त्या गृहस्थांनीच विचारला. एरवी जमेल तितका वेळ आपला स्टॉल सोडून दुसऱ्यांकडे जाऊन बस. मेळाव्याआधी एक दिवस काढून भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या बघून ये. जुन्या मुंबईतल्या नाना जातीजमाती, त्यांची वस्त्रं, पगड्या, सगळं वीतभर उंचीत आहे.

एक गोष्ट मात्र कुणी शिकवत नाही. तीनेक वर्षांपूर्वी एक आजोबा माझ्या स्टॉलपाशी बराच वेळ उभे होते. मी रंगात येऊन, "सरकार, तटाखाली पाणी लागलंय, वात भिजली" वगैरे चालवलं होतं. त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातली पहार घेतली, उजवा हात सरकवून खाली आणला आणि म्हणाले, "अशी धरलीत तर दुपारपर्यंत मनगट जाईल. हिला मारायचं नाही, सोडायचं." त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दगडफोडीचं काम. माझं तोंड मिटलं. बेलदार बाजूला ठेवला, त्यांना खुर्ची दिली, पडद्यामागचा चहा पुढे आणला आणि तासभर नुसतं ऐकलं. घरी येऊन आठवेल तेवढं लिहून काढलं. आज मी पहार धरतो ती त्यांची आहे.

तुझ्याकडे तर अशी माणसं येणारच, दादरला परळ-लालबाग किती लांब! कुणाची आई, कुणाची आजी खाणावळ चालवत होती. एखादी बाई तुझ्या पातेल्याकडे बघून "आमच्याकडे असं नव्हतं हो" म्हणाली, की तुझी १९२८ ची काकू तिथेच थांबव, पाट सरकव आणि बसायला सांग. वही-पेन लुगड्याखाली लपवून ठेव, मोबाइल लगेच काढू नकोस, माणसं बोलायची थांबतात.

आईची दोन पितळी पातेली माझ्याकडे माळ्यावर आहेत, रविवारी येऊन घेऊन जा. एकाची कल्हई पार उडालीय, ती करून घेतल्याशिवाय त्यात आमटी ठेवू नकोस, चिंच घातलेली तर मुळीच नको. मेणाची डबीही तेव्हाच देतो. आणि मेळाव्याच्या दिवशी दोन भाकऱ्या जास्तीच्या थाप. माझा स्टॉल दाराजवळ असेल. सोबत ठेचा चालेल, बटाट्याची भाजी नको.

तुझा,
बेलदार काका