वारसा आहे, मग टाइप का चालत नाही?

प्रश्न : आमची टीम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवरून ओकॅमल या भाषेकडे वळते आहे. मी 'बिंदू' नावाचा क्लास लिहिला. त्यातली 'समान' ही मेथड सेल्फच्याच (म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर ती चालते त्याच्याच) टाइपचा दुसरा ऑब्जेक्ट घेऊन तुलना करते. 'रंगीतबिंदू' त्याच्यापासून इनहेरिट केला आणि त्याच्या 'समान'मध्ये रंगही तपासला. दोन्ही क्लास बिनतक्रार कंपाइल झाले. पण दोन्ही प्रकारचे ऑब्जेक्ट एका लिस्टमध्ये घालायला गेलो, तर कोअर्शन (ऑब्जेक्टला दुसऱ्या टाइपचा मानायला सांगणं) लिहूनही एरर येते : रंगीतबिंदू हा बिंदूचा सबटाइप नाही, म्हणजे बिंदूच्या जागी चालणार नाही. हा बग आहे का?

उत्तर : नाही. कंपायलर अडून बसलाय ते तुमच्याच भल्यासाठी. समजा त्याने परवानगी दिली. आता रंगीतबिंदू त्या लिस्टमध्ये साधा बिंदू म्हणून वावरतोय, तेव्हा त्याच्या 'समान'ला कुणीही साधा बिंदू देऊ शकतो. पण प्रत्यक्षात चालणार रंगीतबिंदूची 'समान', आणि ती समोरच्याला रंग विचारणार. त्याच्याकडे ती मेथडच नाही! रंग तपासणारी ओळ काढून पाहा, तरी नकारच मिळेल. कंपायलर मेथडच्या पोटात काय आहे ते बघत नाही, टाइप बघतो. आणि टाइपमध्ये सेल्फ अर्ग्युमेंटच्या जागी बसलाय.

खरी गोम त्या जागेत आहे. त्याच क्लासमध्ये 'सरकव' अशी मेथड लिहा, जी मूळ ऑब्जेक्टला हात न लावता नव्या एक्सची, म्हणजे बिंदूची जागा बदललेली, प्रत परत देते. इथेही सेल्फ आहे, पण रिझल्टच्या जागी, म्हणून या मेथडवरून सबटाइपिंग अडत नाही. वर फायदा असा की, इनहेरिट केलेल्या 'सरकव'मधून रंगीतबिंदूच बाहेर येतो, रंगासकट. फंक्शनल, म्हणजे स्वतः न बदलता नवी प्रत देणाऱ्या, ऑब्जेक्टची ही बाजू मला फार आवडते.

जावात हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे तुलनेची इक्वल्स मेथड कुठलाही ऑब्जेक्ट घेते आणि तपासणी रनटाइमवर ढकलली जाते. मग साधा बिंदू म्हणतो 'आपण समान', रंगीत म्हणतो 'नाही', आणि हॅशसेटमध्ये (समान वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) काय सापडेल याचा भरवसा उरत नाही. आयफेल या भाषेने तर अर्ग्युमेंटचा टाइप सबक्लासमध्ये अरुंद करायची मुभाच दिली आणि टाइप सिस्टिमला भोक पडलं. इनहेरिटन्स म्हणजे सबटाइपिंग नव्हे, हे विल्यम कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नीट मांडलं. १९९६ मध्ये आलेल्या ऑब्जेक्टिव्ह कॅमलने (ओकॅमलचं तेव्हाचं नाव) या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या.

तुमच्या लिस्टपुरतं सांगायचं तर 'समान' वगळून फक्त 'एक्स' मेथड असलेला ऑब्जेक्ट टाइप लिहा आणि दोघांनाही त्यावर कोअर्स करा. तुलना हवी असेल तर एक्स घेणारं साधं फंक्शन बाहेर ठेवा. मात्र एकदा कोअर्स केलं की रंग परत मिळत नाही. ओकॅमलमध्ये डाउनकास्ट, म्हणजे परत मूळ टाइपकडे जाण्याची सोय, नाही. रंग पुढे लागणारच असेल आणि बिंदूंचे प्रकार ठरलेले असतील, तर क्लासचा नादच सोडा. व्हेरिएंट (ठरलेल्या पर्यायांचा टाइप) आणि पॅटर्न मॅचिंगने (पर्यायागणिक वेगळा कोड लिहून) काम निम्म्यात होईल. एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपायलर वॉर्निंगही देईल.

प्रश्न : मग जावातल्या इंटरफेसच्या जागी व्हर्च्युअल क्लास (ज्यातल्या काही मेथड नुसत्या जाहीर केलेल्या असतात) लिहायचा का?

उत्तर : वाटून घेण्यासारखा कोड असेल तरच. नुसता करार हवा असेल तर ऑब्जेक्ट टाइप पुरे. 'इम्प्लिमेंट्स' असं कुठेही जाहीर करावं लागत नाही; मेथडची नावं आणि टाइप जुळले की झालं. फंक्शन तर 'एक्स मेथड असलेला कुठलाही ऑब्जेक्ट' असंच घेतं, त्याला कोअर्शनही लागत नाही. कोअर्शन लागतं ते वेगवेगळ्या टाइपचे ऑब्जेक्ट एकाच लिस्टमध्ये कोंबताना.