‘शाळा बंद आहे आणि हा रात्री दोनपर्यंत जागतो’

शिक्षकांचा संप दुसऱ्या महिन्यात गेला की पालकांचे फोन एकाच सुरात येऊ लागतात. ‘अभ्यासाला बसतच नाही’, ‘मोबाइल हातातून सुटत नाही’, ‘काही बोललं की अंगावर येतो’, आणि फोन ठेवता ठेवता, ‘मॅडम, वर्ष वाया जाणार का हो?’ त्यातल्याच एका घराची ही गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत, बहीण दुसरीत, आईवडील दोघंही नोकरी करणारे. आई मुलाला घेऊनच आल्या आणि नीट बसायच्या आधीच बोलायला लागल्या. “सुरुवातीला वाटलं, आठ दिवसांत मिटेल. आता तर कुणी तारीखच सांगत नाही. हा रात्री दोनपर्यंत जागतो, सकाळी चिडचिड करतो, पुस्तकाला हात लावत नाही. आधी असा नव्हता हो. आळशी झालाय नुसता.” मुलगा बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

अशा वेळी मी मुलांना ‘तुला कसं वाटतं’ असं विचारत नाही. त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. मी त्याला म्हटलं, “कालचा दिवस सांग. उठलास तिथपासून, क्रमाने.” तो सांगत गेला. आई सकाळी लवकर बाहेर पडते, म्हणून त्याला उठावंच लागतं. मग बहिणीची आंघोळ, तिचं खाणं, तिची वेणी. वेणी त्याला जमत नाही, म्हणून ती रडते. दुपारी तिला आईची आठवण येते, मग पुन्हा रडणं. तिला शाळेकडून फोनवर आलेला स्वाध्याय तोच करून घेतो. आई संध्याकाळी येते आणि दारातूनच विचारते, “आज किती अभ्यास झाला?” रात्री बाबा येतात, तेही तेच विचारतात. अकरानंतर सगळे झोपतात. “मग माझा टाइम सुरू होतो,” तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे सगळं मला माहीत होतं. पण हे काम आहे, असं कधी मनात आलं नाही.”

शाळा बंद पडली की घरातली सांभाळायची कामं कुणाच्या तरी अंगावर पडतात, आणि ज्याच्या अंगावर पडतात त्याला बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. पुष्कळ घरांत ती आई असते. अर्जेंटिनात शिक्षकांचे संप वारंवार होतात. तिथल्या अभ्यासात असं दिसलं की संपाच्या काळात आयांचं काम आणि कमाई कमी होते, वडिलांच्या बाबतीत सरसकट तसं होत नाही. या घरात आईंना रजा मिळत नव्हती, म्हणून ते ओझं चौदा वर्षांच्या मुलावर आलं. दिवसभरात स्वतःची अशी एक घटकाही न मिळालेलं माणूस ती रात्रीतून काढून घेतं. त्याला आळस म्हटलं की मुलाचा उरलासुरला उत्साहही जातो.

दुसरी गोष्ट त्याने आई बाहेर गेल्यावर सांगितली. त्याचे गणिताचे सर त्याला रस्त्यात समोरून येताना दिसले होते. आवडते सर. हा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. का, असं विचारलं तर म्हणाला, “बाबा रोज म्हणतात, यांना पोरांची काही पडलेली नाही, फक्त पगाराची पडलीय. मग सरांशी काय बोलायचं?”

हे वाक्य मला अभ्यासाच्या नुकसानापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. संपात कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं माझं काम नाही आणि ते पालकांनीही मुलांसमोर रोज ठरवू नये. पगार, भरती, वर्गातली मुलांची संख्या, कंत्राटी नेमणुका, यांवरून वाटाघाटी अडतात. त्यावर मोठ्यांची मतं असणारच. पण मुलाला शेवटी त्याच माणसासमोर बाकावर बसायचं असतं. घरचा राग आणि आपली माया यांतून एक निवडायची वेळ आली की मूल दोन्हीपासून तोंड फिरवतं. पुस्तकही त्याच सरांचं असतं, म्हणून तेही बंद होतं.

वडील पुढच्या वेळी आले. त्यांचा राग खोटा नव्हता. कामावरून थकून यायचं, शिकवणीचा जास्तीचा खर्च करायचा आणि मुलगा मागे पडताना बघायचा, हे सोपं नाही. मी त्यांना इतकंच सुचवलं की संपाबद्दलचं मत बदलू नका, मुलाला एवढंच सांगा: ‘मला हा मार्ग पटत नाही, पण तुझे सर चांगले शिकवतात आणि ते दिसले तर बोलत जा.’ त्यांना हे म्हणायला वेळ लागला. बातम्या जेवणाच्या वेळी बंद ठेवणं मात्र लगेच जमलं.

आता वर्ष वाया जाण्याचा प्रश्न. आईंना मी खरं तेच सांगितलं. लांबलेल्या संपाने नुकसान होतं. बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक भागात 1990 साली शिक्षकांचे संप काही महिने चालले होते. त्या मुलांमध्ये त्याच वर्गात पुन्हा बसण्याचं प्रमाण वाढलं आणि पुढचं शिक्षणही कमी झालं. कॅनडातल्या ओंटारिओत पाचवी-सहावीत संप झालेल्या मुलांची प्रगती मंदावली, सर्वांत जास्त गणितात. अर्जेंटिनात प्राथमिक शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून सरासरी 88 दिवस बुडालेल्या पिढीची मोठेपणची कमाई घटली, पुरुषांची साधारण 3 टक्के आणि स्त्रियांची 2 टक्के. हे आकडे घाबरवायला सांगत नाही. ‘शाळा सुरू झाली की आपोआप भरून निघेल’ असं म्हणून हातावर हात ठेवून बसू नये, एवढ्यासाठी सांगते. हे आकडे हजारो मुलांच्या सरासरीचे आहेत, त्यावरून एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

गणितच का, याला कारण आहे. इतिहासाचा एक धडा राहिला तर पुढचा वाचता येतो. समीकरणं कच्ची राहिली तर पुढच्या प्रकरणात पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलांमध्ये हेच वाचनाचं होतं. या मुलाची बहीण सुट्ट्या अक्षरांचे शब्द भराभर वाचत होती आणि जोडाक्षर आलं की बोट तिथेच ठेवून भावाकडे बघत होती. ‘स्वच्छ’ या शब्दावर ती तीनदा अडली. तिच्याबद्दल घरात कुणी तक्रार केली नव्हती, कारण ती रडायची आणि खेळायची, त्रास देत नव्हती. मला विचाराल तर मोठ्या भावाइतकीच तिच्याकडे लक्ष द्यायची गरज होती.

घराची शाळा करायचा प्रयत्न आम्ही केला नाही. दिवसभराचं वेळापत्रक भिंतीवर लावलेली घरं मी पाहिली आहेत, ते चौथ्या दिवशी मोडतं आणि मग भांडणं दुप्पट होतात. आधी बहिणीची सोय लावली. तिच्या वर्गातल्या आणखी दोन मुलींच्या घरी आळीपाळीने बसायचं ठरलं, त्यामुळे मुलाला आठवड्यातून काही सकाळी मोकळ्या मिळाल्या. संध्याकाळचा एक तास फक्त त्याचा, त्यात कुणी अभ्यास विचारायचा नाही. झोपायची वेळ बांधून दिली नाही, उठायची वेळ पक्की केली. उठल्यावर उजेडात जायचं आणि रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवायचा. झोप अशीच हळूहळू मागे सरकते, ‘दहा वाजता झोप’ म्हणून दरडावल्याने नाही. अभ्यास सकाळी दीड तास, सुरुवात गणिताने, शिकवून झालेल्या शेवटच्या प्रकरणापासून मागे मागे जात. बहिणीने रोज एक पान मोठ्याने वाचायचं, ऐकायला आई किंवा बाबा. भाऊ नाही.

वडिलांनी ते वाचन आपल्याकडे घेतलं, याचा मला फार आनंद झाला.

एक गोष्ट प्रत्येक पालकाला सांगते. चिडचिड, जागरण, कंटाळा हे अशा काळात होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस मुलाला आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, खाणं एकदम बदललं असेल, मित्रांना टाळत असेल, तर संप मिटायची वाट बघू नका, समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला तर त्याच दिवशी.

संप मिटला. पालकांना वाटतं, आता सुटलो. प्रत्यक्षात शाळा उघडल्यानंतरचे पहिले आठवडे अवघड असतात. राहिलेला अभ्यासक्रम घाईने उरकला जातो, चाचण्या लागतात, शिक्षकही दमलेले आणि दुखावलेले असतात. या मुलाचं दोन दिवस सकाळी पोट दुखलं. आईंनी त्याला घरी ठेवलं नाही, फाटकापर्यंत सोबत गेल्या. नंतर त्या वर्गशिक्षकांना भेटल्या. संपाचा विषय काढला नाही. ‘या प्रकरणापर्यंत त्याला येतं, इथून पुढे येत नाही,’ असं वही उघडून दाखवलं. शिक्षकांना हवं असतं ते हेच. ‘तो मागे पडलाय’ या वाक्याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

परवा आईंचा फोन होता. मुलगा मधल्या सुट्टीत सरांकडे शंका घेऊन जातो, समीकरणं अजून कच्ची आहेत आणि सहामाहीत गुण कमी पडतील असं तो आधीच सांगून बसलाय. बहीण जोडाक्षरांवर अजून थांबते, पण आता स्वतःच पुढे जाते. आईंनी विचारलं, रोजचं वाचन किती दिवस चालू ठेवायचं? मी म्हटलं, वर्षभर तरी ठेवा.