दुरिताचा प्रश्न: लायब्निझ, बेल आणि ह्यूम

(दुरित म्हणजे जगातलं वाईट. प्रश्न असा: ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर ते का आहे?)

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ या जगाला ‘शक्य जगांपैकी सर्वोत्तम’ म्हणतो. पोर्तुगालमधल्या १७५५च्या विनाशकारी लिस्बन भूकंपाने ते खोटं ठरलं ना?

असं सर्रास लिहिलं जातं, पण युक्तिवाद पाहिला तर ते टिकत नाही. लायब्निझ दुरिताचे तीन प्रकार करतो: निर्मित वस्तूची मुळातली अपूर्णता, दुःख आणि पाप. ‘थिओडिसी’ या ग्रंथात (१७१०) तो म्हणतो की प्रत्येक चांगली गोष्ट सुटी पाहिली, तर ईश्वर ती इच्छितोच. ही पूर्ववर्ती इच्छा. जग मात्र सुटं सुटं निवडता येत नाही. नियम आणि परिणामांसकट अख्खं घ्यावं लागतं. त्या निवडीला तो अनुवर्ती इच्छा म्हणतो. तीत दुःख साधन म्हणून येऊ शकतं. पाप ईश्वर कधीच इच्छित नाही, केवळ घडू देतो.

चूक होते ती ‘सर्वोत्तम’चा अर्थ ‘माणसाला सर्वांत सुखाचं’ असा घेतल्याने. फ्रेंच लेखक व्होल्तेअरच्या ‘कांदीद’ या उपरोधिक कादंबरीचा (१७५९) मारा मुख्यतः याच अर्थावर आहे. लायब्निझ अनुभवावरून काही सिद्ध करतच नाही. परिपूर्ण ईश्वर कमी प्रतीचं निवडणार नाही, म्हणून हेच सर्वोत्तम, एवढाच त्याचा आधार. त्यामुळे भूकंपाने त्याला धक्का लागत नाही. पण परिपूर्ण ईश्वर आहे हेच ज्याला पटलेलं नाही, त्याच्या हाती यातून काहीच पडत नाही. टीका करायची तर इथे करावी.

फ्रेंच विचारवंत पिएर बेल ख्रिस्ती होता, मग मनी-मताची (जगामागे एक चांगलं आणि एक वाईट अशी दोन तत्त्वं मानणाऱ्या प्राचीन पंथाची) बाजू का मांडतो?

त्याच्या १६९७च्या कोशातली ‘मनीपंथी’ ही नोंद वाचताना नुसता वरचा मजकूर वाचून थांबू नका. खरा वाद बारीक टायपातल्या टीप ‘डी’मध्ये आहे. तिथल्या काल्पनिक वादात ग्रीक तत्त्वज्ञ मेलिसस एका तत्त्वाची बाजू घेतो, झरतुष्ट्र दोन तत्त्वांची. निव्वळ तर्काने मेलिसस वरचढ ठरतो. पण जगातली दुःखं आणि गुन्हे समजावून सांगायची वेळ आली की झरतुष्ट्र. बेलचा निष्कर्ष: बुद्धीने हा तिढा सुटत नाही, श्रद्धेचाच आधार घ्यावा लागतो. ‘थिओडिसी’ मुख्यतः त्यालाच उत्तर आहे, पण ते छापून येण्याआधीच, १७०६मध्ये, बेल वारला.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे नैसर्गिक धर्मावरचे ‘संवाद’ (१७७९) अख्खे वाचायला वेळ नाही. काय वाचू?

भाग १० आणि ११, याच क्रमाने. दहाव्याच्या शेवटी फिलो (संवादातलं संशयवादी पात्र) एक मोठी सवलत देतो: दुःख आणि सर्वशक्तिमान, दयाळू ईश्वर एकत्र असू शकतात, असं वादापुरतं मान्य. विद्यार्थी नेमकी हीच ओळ गाळतात आणि ह्यूमने विसंगती सिद्ध केली असं लिहितात. सवलतीनंतर फिलो विचारतो की या संमिश्र जगाकडे पाहून तशा ईश्वराचं अनुमान कसं काढणार? अकराव्यात तो टाळता येण्याजोगी वाटणारी दुःखाची चार कारणं देतो: कृतीला प्रवृत्त करायला वेदनेचा वापर, सर्वसाधारण नियमांनी चालणारी सृष्टी, प्राण्यांना मोजूनमापून दिलेल्या शक्ती आणि यंत्रणेतली ढिलाई (पाऊस कधी जास्त, कधी कमी). मग आदिकारण (जगाचं मूळ कारण) कसं असेल याचे चार पर्याय तपासून, ते भलंही नाही आणि दुष्टही नाही, हाच त्याला सर्वांत संभाव्य वाटतो.

यात डच तत्त्वज्ञ स्पिनोझा का नाही?

त्याच्या मते ईश्वर हेतू धरून काही करत नाही. बरं-वाईट ही आपली मापं. ‘एथिक्स’च्या (१६७७) पहिल्या भागाचं परिशिष्ट वाचा. तिथे हा प्रश्न उभाच राहत नाही.