मधुमेह आहे, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून लघवीत टाकतं तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल. मग लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आलं म्हणून डॉक्टर हृदयाची काळजी का करतात?

कारण मूत्रपिंडाच्या गाळण्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छच. तिथून अल्ब्युमिन झिरपतंय, म्हणजे वाढलेली साखर आणि रक्तदाब यांनी वाहिन्यांचं अस्तर बिघडवलंय. हृदयाच्या वाहिन्याही त्याच रक्तावर चालतात. क्रिएटिनिनवर विसंबू नका. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं.

सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा जास्त आलं तर लगेच घाबरू नका: ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा फुगतो. ३ ते ६ महिन्यांत ३ पैकी २ नमुने जास्त आले तर मात्र ते खरं धरायचं. सोबत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहा. ३ महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली म्हणजे मूत्रपिंडाचा जुनाट विकार.

टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची, मूत्रपिंडालाही जपणारी गोळी सुरू झाली की १-२ आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा चालतं. परस्पर गोळी बंद करू नका. ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळीनंही ते वाढू शकतं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनानं घेऊ नका.