नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला चार दिवस जायचंय, फक्त केबिन बॅग न्यायची आहे. ३५ लिटरची सॅक घ्यावी की ४५ ची?

३५ ची घ्या. अडतं ते लिटरवर नाही, वजनावर. देशांतर्गत इकॉनॉमीत केबिन बॅगेला साधारण ७ किलोच मिळतात, माप ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आसपास. ४५ लिटरची दणकट सॅक रिकामीच दीड-पावणेदोन किलो भरते. लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँक (ती केबिनमध्येच न्यावी लागते) धरले की कपड्यांना जेमतेम तीन किलो उरतात. शिवाय जागा दिसली की आपण भरतोच. माझ्या मोठ्या सॅकेत निघताना आईने चिवडा आणि मनुकांचा डबा घातला. काउंटरवर काटा नऊच्या पुढे गेला आणि जास्तीचे पैसे भरावे लागले.

चेन सुटकेससारखी पूर्ण उघडणारी बघा, तळातला शर्ट काढायला सगळं उपसावं लागत नाही. कमरेचा पट्टा ७ किलोला नसला तरी चालतो.

नाशिकच्या मेन रोडवर सॅक घ्यायला जाल तेव्हा घरून चार-पाच किलोची पुस्तकं न्या. सॅकेत भरून दहा मिनिटं पाठीवर ठेवा. पट्टा मानेला घासला तर ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.